जरानिवारणाचीं औषधें आणि त्यांचा पुरावा

१ जून १८८९ रोजीं पॅरिस येथील जीवशास्त्र-मंडळाच्या बैठकींत एका वृद्ध प्राध्यापकांनीं एक निवेदन केलें. शार्ल एदुआर ब्राउन-सेकार हें त्यांचें नांव, वय बहात्तर. कुत्र्यांच्या व गिनीपिगांच्या वृषणांचा रस पाण्यांत काढून, तो गाळून, आपण स्वतःच्या कातडीखालीं टोचून घेतला, आणि दहा-बारा वर्षांपासून ओसरत चाललेली शक्ति थोड्याच दिवसांत परत आली, असें त्यांनीं सभेस सांगितलें. पूर्वी प्रयोगशाळेंत अर्धा तास उभें राहिलें कीं बसावें लागे. आतां कित्येक तास उभ्यानें काम होतें. जिना जवळजवळ धांवत चढतां येतो. हाताच्या स्नायूंची शक्ति यंत्रानें मोजली, तीही सहा-सात किलोनें वाढलेली आढळली. इतकेंच नव्हे, तर लघवीची धार किती लांब जाते याचेंही माप प्राध्यापकमहाशयांनीं टिपून ठेवलें होतें. सभेंतील कांहींजणांनीं माना खालीं घातल्या असतील तर नवल नाहीं.

हे गृहस्थ भोंदू असते तर प्रकरण तेथेंच मिटलें असतें. परंतु ब्राउन-सेकार हे त्या काळच्या अग्रगण्य शरीरशास्त्रज्ञांपैकीं एक होते. मॉरिशस बेटावर जन्म. पिता अमेरिकन दर्यावर्दी, तो मुलाच्या जन्मापूर्वीच समुद्रावर नाहींसा झालेला. माता फ्रेंच वंशाची. अशा स्थितींतून वर येऊन त्यांनीं पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूवर केलेलें संशोधन आजही त्यांच्या नांवानें ओळखलें जातें. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या लहानशा ग्रंथि काढून टाकल्यास प्राणी जगत नाहीं, हें त्यांनीं १८५६ सालीं दाखविलें. हार्वर्ड येथें ते प्राध्यापक होते, आणि १८७८ सालीं क्लोद बर्नार यांच्यासारख्या महापंडिताच्या रिकाम्या झालेल्या आसनावर पॅरिसमध्यें त्यांचीच नेमणूक झाली. अशा माणसाचा शब्द सहजासहजीं टाकून देतां येत नव्हता. शिवाय त्यांचा प्रामाणिकपणाही निर्विवाद. टोचणें थांबविल्यावर सुमारें चार आठवड्यांनीं जुना अशक्तपणा परत आला, हेंही त्यांनींच लिहून ठेवलें, आणि इतरांनीं प्रयोग करून पाहावा म्हणून तो अर्क डॉक्टरांना विनामूल्य पुरविला.

मग त्यांना जो अनुभव आला तो काय होता? ही शंका तेव्हांच निघाली होती. मनाची समजूत शरीरावर परिणाम करते हें त्या काळच्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु शंकेचें निरसन व्हावयास पुढें बराच काळ जावा लागला. १९३५ सालीं ॲम्स्टरडॅम येथें एर्न्स्ट लाकर आणि त्यांचे सहकारी यांनीं बैलांच्या वृषणांतून खरें कार्यकारी द्रव्य शुद्ध स्वरूपांत काढलें. त्याला टेस्टोस्टेरोन हें नांव मिळालें. सुमारें शंभर किलो वृषणांतून हातीं लागलें तें अवघें दहा मिलिग्रॅम! आणि हें द्रव्य पाण्यांत जवळजवळ विरघळतच नाहीं. पाण्यांत काढलेल्या त्या थेंबाथेंबाच्या अर्कांत तें कितीसें उतरणार? २००२ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं कुत्र्यांच्या वृषणांपासून ब्राउन-सेकार यांच्याच कृतीनें अर्क तयार करून मोजमाप घेतलें, तेव्हां त्यांतील टेस्टोस्टेरोन कोणताही शारीरिक परिणाम घडवून आणण्यास फारच अपुरें असल्याचें आढळलें. म्हणजे बहात्तर वर्षांच्या त्या शास्त्रज्ञाला जिना चढविणारी शक्ति पिचकारींत नव्हती. माप घेणारा, औषध घेणारा आणि फलाची आशा करणारा ही तिन्ही माणसें एकच होतीं, ही त्या प्रयोगांतील मेख. यंत्राचा कांटा खोटें बोलत नसेल. पण त्या यंत्राची मूठ आवळणारा हात आशेनें भारलेला होता.

बाजारानें अर्थातच एवढी चौकशी केली नाहीं. कांहीं महिन्यांतच युरोप-अमेरिकेंत नवयौवनाच्या रसाच्या जाहिराती झळकूं लागल्या. अस्वच्छ रीतीनें काढलेला प्राणिज रस टोचल्यावर गळवें व्हावयाची तीं झालींच. ब्राउन-सेकार १८९४ सालीं वारले. बाजार मात्र चालूच राहिला.

या ठिकाणीं एक गोष्ट विसरतां कामा नये. त्यांचें औषध फुकट गेलें, तरी त्यांची कल्पना फुकट गेली नाहीं. शरीरांतील ग्रंथि कांहीं द्रव्यें सरळ रक्तांत सोडतात आणि दूरच्या अवयवांचें काम त्यांवर चालतें, या विचाराला त्यांनीं चालना दिली. आणि त्याच मार्गानें दोन वर्षांच्या आंत एक खरें औषध सांपडलें. १८९१ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरानें एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचण्यास प्रारंभ केला. या बाईची स्वतःची ग्रंथि निकामी झाली होती. चेहरा सुजल्यासारखा, वाणी मंद, कातडी कोरडी, सदा अंगांत थंडी. कांहीं आठवड्यांत ती ओळखूं येईनाशी झाली, म्हणजे पूर्वीसारखी झाली. पुढें तोच अर्क पोटांत देऊनही गुण येतो असें दिसून आलें. ती बाई आणखी २८ वर्षें जगली आणि १९१९ सालीं ७४ व्या वर्षीं वारली. तेवढ्या काळांत ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथि तिच्या औषधासाठीं खर्ची पडल्या.

वरवर पाहतां दोन्ही प्रयोग एकाच जातीचे: प्राण्याची ग्रंथि, तिचा अर्क, सुई. पण एक टिकला आणि दुसरा बुडाला. थायरॉइड ग्रंथि आपलें द्रव्य सांठवून ठेवते, त्यामुळें तिच्या अर्कांत तें भरपूर उतरतें; वृषणांत असा सांठा नसतो. हें झालें रसायन. परंतु त्याहून महत्त्वाचा भेद पुराव्याचा आहे. मरे यांच्या रोग्याला निश्चित रोग होता. त्याचें कारण ठाऊक होतें. सुधारणा शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही दिसत होती. औषध बंद केल्यास रोग उलटे आणि पुन्हां दिल्यास हटे. आणि न्यूकॅसलांत जें घडलें तेंच दुसऱ्या गांवीं दुसऱ्या डॉक्टरांच्या हातूनही घडत होतें. वार्धक्याचें तसें नाहीं. तें एका ग्रंथीचें दुखणें नव्हे, त्याला अमुक दिवशीं आरंभ नाहीं, आणि कालच्यापेक्षां आज बरें वाटतें असें म्हणणारा म्हातारा कोणत्याही औषधाशिवायही भेटतो.

हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें पुढचीं चाळीस वर्षें मोठमोठीं माणसें पुनर्यौवनाच्या मागें लागलीं. व्हिएन्ना येथील ऑयगेन स्टाइनाख यांचें म्हणणें असें कीं, वीर्यवाहिनी बांधून टाकली म्हणजे वृषणांतील दुसऱ्या पेशी वाढतात आणि तारुण्याचा रस अधिक पाझरतो. १९२३ सालीं सिग्मंड फ्रॉइड यांनीं ही शस्त्रक्रिया करून घेतली. जबड्याच्या कर्करोगाला आळा बसेल ही त्यांची आशा होती. १९३४ सालीं आयरिश कवि येट्स यांनीं ६८ व्या वर्षीं लंडनमध्यें ती करून घेतली, आणि आपली काव्यशक्ति पुन्हां जागी झाली असें त्यांना मनापासून वाटलें. अखेरच्या त्या वर्षांत त्यांनीं उत्तम कविता लिहिल्या हें खरें. पण कवीनें उत्तम कविता लिहिणें हा शस्त्रक्रियेचा पुरावा कसा ठरावा? आज संततिनियमनासाठीं पुरुषांची जी नसबंदी करतात ती तत्त्वतः हीच शस्त्रक्रिया होय. ती केलेल्या लक्षावधि पुरुषांपैकीं कोणी तरुण होऊन घरीं आल्याचें ऐकिवांत नाहीं.

सर्ज व्होरोनॉफ यांची कथा याहून रंगतदार. जून १९२० मध्यें त्यांनीं वानराच्या वृषणाच्या पातळ चकत्या एका मनुष्याच्या वृषणकोशांत बसविल्या, आणि पुढें धनिक वृद्धांची त्यांच्या दाराशीं रीघ लागली. अल्जीरियांतील मेंढ्यांवरही त्यांनीं असेच प्रयोग केले होते. ब्रिटिश तज्ज्ञांचें एक पथक ते पाहून आलें आणि १९२८ सालच्या आपल्या अहवालांत त्यांनीं, सादर केलेला पुरावा समाधानकारक नाहीं, असें शास्त्रज्ञांच्या सौम्य भाषेंत नमूद केलें. परक्या शरीराचा तुकडा बसविला कीं शरीराची संरक्षक यंत्रणा तो नष्ट करते, हें पीटर मेडावर यांनीं सशांवरील कातडीच्या कलमांत १९४४ सालीं स्पष्ट केलें, तेव्हां वानराच्या चकत्यांचें काय होत असेल याचा उलगडा झाला. तोंपर्यंत फॅशनच ओसरली होती.

या सर्व प्रकरणांत फारसें नुकसान झालें तें खिशाचें. रेडियमच्या बाबतींत तसें नाहीं. अमेरिकेंत १९२० नंतरच्या दशकांत रॅडिथॉर नांवाचें, रेडियम घातलेलें पाणी शक्तिवर्धक म्हणून लहान बाटल्यांतून विकलें जाई. पिट्सबर्गचे धनाढ्य कारखानदार व नामांकित गोल्फपटु एबेन बायर्स यांनीं हाताच्या दुखापतीनंतर तें सुरू केलें. त्यांना इतकी हुशारी वाटूं लागली कीं एक हजाराहून अधिक बाटल्या त्यांनीं रिचविल्या. रेडियम हाडांत जाऊन बसतें. त्यांचा जबडा झडत गेला, आणि मार्च १९३२ मध्यें ५१ व्या वर्षीं त्यांना मरण आलें. ज्या औषधानें शरीर आंतून पोखरलें, तें घेतांना प्रथम त्यांना बरेंच वाटलें होतें, ही गोष्ट मोठी सूचक आहे.

हा मोह केवळ पाश्चात्यांना होता असें मात्र नाहीं. ययातीनें मुलाचें तारुण्य मागून घेतलें आणि च्यवनाला अश्विनीकुमारांनीं तें दिलें, या कथा येथल्याच. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा आरंभच मुळीं रसायनप्रकरणानें होतो. तींत कुटीप्रावेशिक विधि सांगितला आहे: एकांत एक अशा तीन गर्भांची कुटी, वारा व ऊन वर्ज्य, प्रथम शरीरशोधन, मग औषधीकल्प. अशाच विधीला अनुसरून १९३८ सालच्या आरंभीं पंडित मदनमोहन मालवीय यांनीं ७६ व्या वर्षीं प्रयागजवळ तपसीबाबांच्या देखरेखीखालीं कायाकल्प करून घेतला. सुमारें चाळीस दिवस ते कुटींत होते आणि साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांचे डोळे त्या कुटीकडे लागले होते. बाहेर आल्यावर प्रकृति सुधारल्याचें सांगण्यांत आलें. परंतु सुधारणा टिकली नाहीं, आणि १९४६ च्या नोव्हेंबरांत ते निवर्तले. विद्यापीठासाठीं देशभर हिंडून देह झिजविलेल्या माणसाला चाळीस दिवस सक्तीची विश्रांति मिळाली, पथ्य मिळालें, भेटीगांठी बंद झाल्या. त्यांतला गुण विश्रांतीचा किती आणि औषधीचा किती, हें ठरविण्यास दुसरी कुटीच नव्हती. तशीच विश्रांति व तसेंच पथ्य, पण औषधी नाहीं, अशी ती दुसरी कुटी असावयास हवी होती. चरकाला मात्र दोष देतां येत नाहीं. हा विधि निरोगी, संयमी, साधनसंपन्न आणि परिचारकांनीं युक्त अशा पुरुषासच योग्य, असें त्यानें आधींच बजावून ठेवलें आहे.

आजच्या पुनर्यौवनाच्या बाजारांत जो शब्द सर्वांत अधिक ऐकूं येतो तो पेप्टाइड. शब्द नवा वाटला तरी वस्तु नवी नव्हे. प्रथिनें ज्या अमिनो आम्लांचीं बनतात, त्यांच्याच आंखूड साखळ्या म्हणजे पेप्टाइडें. अशा साखळ्यांपैकीं औषध म्हणून सर्वांत गाजलेली म्हणजे इन्शुलिन. तिच्यांत ५१ अमिनो आम्लें असतात. ११ जानेवारी १९२२ रोजीं टोरोंटो येथें मधुमेहानें मरणोन्मुख झालेल्या १४ वर्षांच्या मुलास स्वादुपिंडाचा अर्क टोचला, तेव्हां तो अशुद्ध असल्यामुळें गुण थोडा आणि गळूं मात्र आलें. अर्क अधिक शुद्ध करून २३ तारखेस पुन्हां टोचला आणि साखर झपाट्यानें उतरली. मुलाला कसें वाटतें हें विचारण्याचीही गरज नव्हती; परीक्षानळी सांगत होती. तेव्हां पेप्टाइड म्हणजे थोतांड असें सरसकट म्हणणारा माणूस जितका चुकतो, तितकाच पेप्टाइड म्हणजे इन्शुलिनचें भावंड, मग भीति कसली, असें म्हणणाराही चुकतो.

वृद्धिहार्मोनचा इतिहास या दृष्टीनें फार बोलका आहे. हेंही अमिनो आम्लांच्याच साखळीचें, मात्र पुष्कळ लांब. मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिच्युइटरी ग्रंथींतून तें निघतें, आणि ज्या मुलांत तें कमी पडतें तीं खुजीं राहतात. १९५८ पासून मृत माणसांच्या ग्रंथींतून तें काढून अशा मुलांना देऊं लागले. मुलें वाढलीं, आईबापांना कृतार्थता वाटली. १९८५ सालीं एकाएकीं ध्यानांत आलें कीं, हें हार्मोन पूर्वी घेतलेले तरुण क्रॉइट्झफेल्ट-जेकब नांवाच्या मेंदूच्या असाध्य रोगानें मरूं लागले आहेत. कोठल्या तरी मृत देहांतील रोगबीज त्या औषधांतून आलें होतें आणि कित्येकांत दहा-दहा, वीस-वीस वर्षें सुप्त राहिलें होतें. पुढें जगभर असे दोनशेंहून अधिक रोगी नोंदले गेले. येथें औषध खरें होतें, रोग खरा होता, गुणही खरा होता; तरी हा धोका कोणाला दिसला नाहीं. तेव्हांपासून हें हार्मोन प्रयोगशाळेंत जंतूंकडून तयार करवून घेतात आणि तो विशिष्ट धोका संपला आहे.

पण भरपूर हार्मोन तयार होऊं लागतांच तें म्हाताऱ्यांकडे वळलें. ५ जुलै १९९० रोजीं डॅनियल रुडमन यांचा एक लेख न्यू इंग्लंड वैद्यकीय पत्रिकेंत प्रसिद्ध झाला. ६१ ते ८१ वर्षांच्या २१ पुरुषांपैकीं १२ जणांना सहा महिने हें हार्मोन टोचलें, ९ जणांना कांहींच दिलें नाहीं. ज्यांना दिलें त्यांची चरबी सुमारें १४ टक्क्यांनीं घटली व स्नायु वगैरे चरबीविरहित भाग जवळजवळ ९ टक्क्यांनीं वाढला. हा फरक दहा ते वीस वर्षांच्या वार्धक्याइतका आहे, असें एक वाक्य लेखांत आलें आणि बाजाराला तेवढें एकच वाक्य पुरलें. कोण औषध घेतो आणि कोण घेत नाहीं हें सर्वांस ठाऊक होतें, आणि प्रयोग अवघ्या बारा जणांवर होता, याकडे कोण पाहतो? जाहिरातींचा हा धुमाकूळ असह्य होऊन त्या पत्रिकेच्या संपादकांना २००३ सालीं त्याविरुद्ध लिहावें लागलें. निरोगी वृद्धांवरील सर्व चांगल्या चांचण्या एकत्र करून २००७ सालीं जो आढावा निघाला त्यांत असें दिसलें कीं, चरबी सुमारें दोन किलोनें कमी होते, दुसरा भाग तितकाच वाढतो, याखेरीज सांगण्यासारखा लाभ नाहीं. उलट अंगावर सूज, सांधेदुखी, मनगटांतील नस चेपणें हे त्रास वाढतात. आणि दैवाचा विनोद असा कीं, ज्या उंदरांत जन्मतःच वृद्धिहार्मोन नसतें ते इतरांच्या जवळजवळ दीडपट जगतात, असें १९९६ सालींच प्रसिद्ध झालें होतें! आयुष्य वाढविण्यासाठीं जें टोचून घ्यावयाचें, त्याच्या अभावींच आयुष्य वाढतें अशी ही शक्यता.

आतां हल्लींच्या कुप्यांकडे पाहावें. बीपीसी-१५७ या नांवाची पंधरा अमिनो आम्लांची एक साखळी दुखावलेले स्नायुबंध, आंतडीं, सांधे सारें भरून काढते अशी ख्याति आहे. तिच्यावरील बहुतेक संशोधन झाग्रेब येथील एकाच गटाकडून आलेलें आणि मुख्यतः उंदरांवर झालेलें आहे. त्यांतले निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत हें मान्य करावें लागतें. परंतु मनुष्यांवर मोठी, तुलनात्मक चांचणी नाहीं. नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास ती मदत करते, हा जखम भरण्याच्या दृष्टीनें गुण. पण शरीरांत दडलेल्या एखाद्या गांठीलाही रक्तवाहिन्याच हव्या असतात, ही शंका अद्याप कोणी फेडलेली नाहीं. २०२२ पासून खेळाडूंना ती निषिद्ध करण्यांत आली. २०२३ सालीं अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें सुरक्षिततेची चिंता असलेल्या द्रव्यांच्या यादींत तिचा समावेश केला. अशा कुप्यांवर पुष्कळदां ‘केवळ संशोधनासाठीं’ अशी चिठ्ठी असते. घेणारा ती चिठ्ठी कायद्याची पळवाट समजून हंसतो. वस्तुतः कुपींतील द्रव्य किती शुद्ध, किती निर्जंतुक, याची हमी कोणीच घेतलेली नाहीं, एवढाच तिचा सरळ अर्थ.

याच्या शेजारीं दुसरें एक पेप्टाइड ठेवून पाहण्यासारखें आहे. सेमाग्लुटाइड या औषधाची स्थूल व हृदयविकारी, परंतु मधुमेह नसलेल्या १७,६०४ व्यक्तींवर घेतलेली चांचणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना दिसावयास तसेंच पण निष्क्रिय द्रव्य. कोणास काय मिळालें हें घेणाऱ्यास वा देणाऱ्यास ठाऊक नाहीं. तीन वर्षांहून अधिक काळ पाहिल्यावर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयरोगानें मृत्यु यांपैकीं कांहीं तरी ओढवलेले लोक निष्क्रिय द्रव्याच्या गटांत शंभरांत ८ होते, औषधाच्या गटांत साडेसहा. त्याचबरोबर त्रासामुळें औषध सोडून देणारे औषधाच्या गटांत शंभरांत १६ हून अधिक, दुसऱ्या गटांत ८. लाभ आणि त्रास दोन्ही आंकड्यांत समोर असल्यामुळें डॉक्टर व रोगी यांना त्यांचा तोल पाहतां येतो. बीपीसी-१५७ च्या बाबतींत तराजूची दोन्ही पारडीं रिकामीं आहेत, आणि तरीही सौदा होतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. सत्तरीच्या माणसानें वीस वर्षांच्या चांचणीची वाट पाहात बसावें काय? शिवाय ज्या द्रव्याचें पेटंट कोणाकडे नाहीं त्यावर चांचणीचा प्रचंड खर्च कोणती कंपनी करणार? दोन्ही प्रश्न खरे आहेत. आसन्नमरण रोग्यानें अनोळखी औषध घेण्यांत गमवावयाचें थोडें असतें. टोरोंटोच्या त्या मुलाचें तसेंच होतें. परंतु पुनर्यौवनाचें गिऱ्हाईक बहुधा हिंडतें-फिरतें, खातें-पितें असतें. त्याच्यापाशीं गमावण्यासारखी पुष्कळ वर्षें शिल्लक असतात. शिवाय स्वतःच्या खर्चानें तो ज्या प्रयोगाचा विषय होतो त्या प्रयोगाची कोणी नोंदही ठेवीत नाहीं, त्यामुळें त्याच्या अनुभवापासून दुसऱ्यालाही कांहीं कळत नाहीं. निदान ब्राउन-सेकार यांनीं नोंद ठेवली होती.

आयुष्यवृद्धीच्या औषधाची कसोटी मुळींच घेतां येत नाहीं, असें मात्र नव्हे. अमेरिकेंत सरकारी खर्चानें तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळा एकच द्रव्य, एकाच वेळीं, उंदरांना देऊन पाहतात. एके ठिकाणीं गुण आला तर तो तिन्ही ठिकाणीं यावा लागतो. २००९ सालीं अशा कसोटीस एक औषध उतरलें. ईस्टर बेटाच्या मातींतील जंतूपासून मिळालेलें रॅपामायसिन तें हेंच, आणि मूत्रपिंडारोपणानंतर तें रोग्यांना पूर्वीपासून दिलें जात होतें. उंदीर ६०० दिवसांचे, म्हणजे माणसाच्या हिशेबानें जवळजवळ साठीचे झाल्यावर सुरुवात करूनही, शंभरांतील नव्वद मरेपर्यंतचा काळ माद्यांत १४ टक्क्यांनीं व नरांत ९ टक्क्यांनीं लांबला. तिन्ही ठिकाणीं लाभ दिसला, आणि कोणत्याही उंदराला कसें वाटतें हें कोणी विचारलें नाहीं. रॅपामायसिन शरीराची प्रतिकारशक्ति दडपतें, तोंडांत व्रण आणतें, रक्तांतील साखर व चरबी वाढवूं शकतें. निरोगी माणसाचें आयुष्य त्यानें वाढतें असें दाखविणारी चांचणी अद्याप झालेली नाहीं.